हरलेल्या संघाचा पुढचा सामना : जागतिक युवा स्पर्धेची रचना आणि नाशिकच्या मुलींची हँडबॉल साखळी

शालेय हँडबॉल स्पर्धेत पहिल्या फेरीत हरलेल्या संघाचे वर्ष त्या एका सामन्यात संपते. जूनपासून शाळा भरण्याआधी मैदानावर येणारी, पावसाने मैदान बंद पडले की व्हरांड्यातल्या भिंतीवर चेंडू मारत राहणारी, जिल्हा स्पर्धेच्या पत्राची वाट पाहणारी मुलगी एका सकाळी खेळते, हरते आणि पुढच्या वर्षीच्या स्पर्धेपर्यंत तिला दुसऱ्या शाळेचा संघ समोर दिसत नाही. नाशिक मनपा, नाशिक ग्रामीण आणि मालेगाव मनपा या आपल्याकडील तिन्ही घटकांत मुलींचे हँडबॉल संघ मोजकेच असतात. बाद पद्धतीच्या सोडतीत त्यांतल्या एखाद्याला पुढे चाल मिळते आणि तो संघ फारसा न खेळताच विभागीय स्पर्धेत जाऊन उभा राहतो. थोडक्यात, हरणाऱ्याला सामने मिळत नाहीत आणि जिंकणाऱ्यालाही पुरेसे मिळत नाहीत. प्रस्तुत प्रकरण याच अडचणीचे आहे. २०२२ च्या दिवाळीनंतर नाशिक परिसरातील काही क्रीडाशिक्षकांनी मुलींच्या जागतिक युवा हँडबॉल स्पर्धेची रचना समोर ठेवून एक छोटी साखळी स्पर्धा घेतली. ती कशी आखली, तिच्यात काय घडले आणि काय जमले नाही, याची ही नोंद आहे. मी स्वतः त्या आखणीत होते, त्यामुळे पुढील मते तटस्थ निरीक्षकाची नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे.

स्कोप्ये, २०२२

आंतरराष्ट्रीय हँडबॉल महासंघाची अठरा वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा २००६ मध्ये कॅनडात सुरू झाली आणि ती दर दोन वर्षांनी होते. २०२० ची क्रोएशियातील स्पर्धा कोरोनामुळे रद्द झाली. त्यामुळे २०१८ मधील पोलंडच्या स्पर्धेनंतर थेट २०२२ मध्ये, ३० जुलै ते १० ऑगस्ट या काळात, उत्तर मॅसिडोनियाची राजधानी स्कोप्ये येथे ३२ संघ एकत्र आले. तोपर्यंतचे प्रत्येक विजेतेपद युरोपातील देशाकडे गेले होते. २०१८ चा विजेता रशिया युक्रेनवरील आक्रमणानंतरच्या बंदीमुळे या वेळी नव्हता. तरी डेन्मार्क, हंगेरी, स्वीडन, नेदरलँड्स, जर्मनी, रोमानिया असे मातब्बर संघ होतेच, आणि विजेता यांच्यातलाच कोणी तरी असेल असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाने डेन्मार्कला ३१-२८ असे हरवले. युरोपाबाहेरचा संघ ही स्पर्धा जिंकण्याची ही पहिलीच वेळ होती.

कोरियाच्या महिला हँडबॉलला मोठी परंपरा आहे, हे येथे नमूद करायला हवे, नाहीतर हा विजय आकाशातून पडल्यासारखा वाटेल. १९८८ च्या सोल आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये त्यांच्या महिलांनी सुवर्णपदक जिंकले, १९९५ मध्ये जागतिक विजेतेपद मिळवले, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकचा अंतिम सामना त्या डेन्मार्ककडूनच पेनल्टी थ्रोंवर हरल्या, आणि २०१४ मध्ये त्यांच्या वीस वर्षांखालील मुली जगज्जेत्या झाल्या. तरीही स्कोप्येतील संघाकडे पाहताना डोळ्यांत भरते ती एक गोष्ट. डेन्मार्कच्या मुलींशेजारी उभ्या राहिलेल्या कोरियाच्या मुली ठळकपणे बुटक्या दिसतात. स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेली किम मिन-सो ही सेंटर बॅकही, म्हणजे मधोमध राहून आक्रमण चालवणारी खेळाडूही, त्याच बुटक्या मुलींपैकी एक. आपल्याकडे निवड चाचणीत मुलीला आधी भिंतीला टेकवून उंची मोजतात आणि मग चेंडू हातात देतात. त्या पद्धतीने किम मिन-सो आपल्या किती चाचण्यांत टिकली असती, हा प्रश्न मी अनेक शिक्षकांना विचारला आहे.

उंचीची उणीव कोरियाने पायांनी भरून काढली. युरोपातील बरेच संघ गोलसमोरच्या सहा मीटरच्या रेषेलगत सहा जणींची भिंत उभी करून बचाव करतात. उंच मुली हात वर करून उभ्या राहिल्या की नऊ मीटरवरून मारलेला चेंडू अडतो. कोरियाच्या मुली ही भिंत बांधण्याऐवजी पुढे सरकून बचाव करतात. चेंडू जिच्याकडे येणार आहे तिच्याकडे तो पोहोचण्याआधीच एक जण पुढे जाते, पासची वाट अडवते, चेंडू हिसकावते आणि समोरचा संघ माघारी वळेपर्यंत फास्ट ब्रेक, म्हणजे झटपट प्रतिहल्ला, झालेला असतो. या पद्धतीत एक जण पुढे गेली की तिच्यामागे मोकळी जागा पडते, ती शेजारणीने त्याच क्षणी भरावी लागते. हे साठ मिनिटे करायचे तर फुप्फुसे हवीत, पण त्याहून जास्त हवी ती एकमेकींची सवय. १ जुलै २०२२ पासून अमलात आलेल्या नव्या नियमांचाही अशा संघाला उपयोग झाला असावा, असे माझे मत आहे. निष्क्रिय खेळाचा, म्हणजे गोलचा प्रयत्न न करता चेंडू नुसता फिरवत राहण्याचा, इशारा म्हणून पंचांनी हात वर केल्यावर पूर्वी सहा पास मिळत, ते चार झाले. शिवाय मैदानाच्या मध्यभागी चार मीटर व्यासाचे वर्तुळ आले आणि गोल खाल्ल्यावर त्या वर्तुळातून धावत धावत खेळ पुन्हा सुरू करता येऊ लागला. दोन्ही बदल वेगाच्या बाजूचे आहेत.

परंतु आमचे लक्ष जिथे खिळले ती गोष्ट वेगळीच होती. कोरियाने बारा दिवसांत आठ सामने खेळले. गटात स्वित्झर्लंड, जर्मनी आणि स्लोव्हाकिया, मुख्य फेरीत रोमानिया आणि नेदरलँड्स, नंतर उपउपांत्य फेरीत स्वीडन, उपांत्य फेरीत हंगेरी आणि शेवटी डेन्मार्क. आठही प्रतिस्पर्धी युरोपातले. हंगेरीविरुद्धचा सामना ३०-२९ असा एका गोलने सुटला. ज्या मुलींनी त्याआधी सहा सामन्यांत सहा वेगळ्या संघांचे डावपेच अंगावर घेतले होते, त्यांनाच सातव्या सामन्यात एका गोलची आघाडी शेवटपर्यंत सांभाळता आली, असे मला वाटते.

हरणाऱ्यांचे काय होते

अशा स्पर्धेत विजेत्याला आठ सामने मिळतात यात नवल नाही. नवल याचे आहे की तळाच्या संघालाही जवळजवळ तेवढेच मिळतात. चार-चार संघांच्या आठ गटांत प्रत्येकाचे तीन सामने होतात. प्रत्येक गटातील पहिले दोन मुख्य फेरीत जातात आणि उरलेले दोन घरी न जाता सतरा ते बत्तीस या क्रमांकांसाठीच्या वेगळ्या फेरीत जातात. तिला प्रेसिडेंट्स कप असे नाव आहे. तिथेही गट होतात, तिथेही क्रमांकांचे सामने होतात आणि शेवटी एकतिसाव्या क्रमांकासाठी दोन संघ पूर्ण साठ मिनिटे खेळतात. गटातले तिन्ही सामने मोठ्या फरकाने हरलेल्या संघाला पुढे आपल्या ताकदीचे प्रतिस्पर्धी मिळतात, आणि ते मिळाल्यावरच आपण नक्की कुठे आहोत हे त्या मुलींना कळते.

आणखी एक बारकावा आहे. एका गटातून बरोबर पुढे गेलेले दोन संघ पुढच्या फेरीत एकमेकांशी पुन्हा खेळत नाहीत. गटातल्या त्यांच्या आपसातील सामन्याचा निकाल आणि गुण पुढे नेले जातात. त्यामुळे गटातला शेवटचा सामना, दोन्ही संघांची पुढची जागा पक्की झालेली असली तरी, कोणी हलक्याने घेत नाही. हे तत्त्व कागदावर रुक्ष दिसते, पण पुढे पाहू की नाशिकच्या साखळीत सर्वाधिक वाद याच तत्त्वावरून झाला आणि सर्वाधिक फायदाही याच तत्त्वाचा झाला.

भारताच्या बाबतीत निराश होण्याचे कारण नव्हते. त्याच वर्षी मार्चमध्ये अल्माटी येथे भारताच्या वीस वर्षांखालील मुलींनी थायलंडला हरवून आशियाई विजेतेपद प्रथमच जिंकले होते. हिमाचल प्रदेशातील बिलासपूर जिल्ह्यात मोरसिंघी नावाचे गाव आहे. तिथल्या हँडबॉल नर्सरीतून देशाच्या संघांत अनेक मुली गेल्या. त्या मुली एकत्र राहतात आणि रोज एकमेकींविरुद्ध खेळतात, म्हणजे त्यांना प्रतिस्पर्धी घरातच मिळतो. आपल्या जिल्ह्याची गोष्ट निराळी आहे. सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले आणि २०१६ मध्ये ती रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ त्याच ऑलिंपिकमध्ये नौकानयनात उतरला. नाशिकच्या मातीत दम आहे हे या दोघांनी दाखवून दिले. पण धावपटू पहाटेच्या रस्त्यावर एकटीने सराव करू शकते. हँडबॉल खेळणारीला समोर सात जणी लागतात, आणि त्याही अनोळखी.

नाशिकची आखणी

सहा शाळांनी होकार दिला. त्यांपैकी दोन शाळांकडे मुली जास्त असल्याने त्यांनी प्रत्येकी दोन संघ उतरवले आणि आठ संघ झाले. चार-चारचे दोन गट, गटात प्रत्येकाचे तीन सामने, मग वरच्या चार संघांची एक फेरी आणि खालच्या चार संघांची एक फेरी, त्यात आधीच्या निकालाचे गुण पुढे नेऊन प्रत्येकाचे दोन नवे सामने, आणि शेवटी पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व सातव्या क्रमांकांचे सामने. असे प्रत्येक संघाला सहा सामने मिळणार होते. दर रविवारी प्रत्येक संघाचा एक सामना ठेवला तर सहा रविवारांत साखळी पूर्ण होत होती, म्हणजे दहावीच्या मुलींच्या पूर्वपरीक्षेला अडथळा येत नव्हता. सामना वीस-वीस मिनिटांचा ठेवला. नियमाप्रमाणे सोळा वर्षांवरील मुलींना तीस-तीस मिनिटे खेळायची असतात, पण आमच्या संघांत आठवी-नववीच्या मुली बऱ्याच होत्या आणि राखीव खेळाडू थोड्या होत्या.

मैदान शहराच्या कडेच्या एका शाळेचे होते. सिमेंटचा कोबा, चाळीस बाय वीस मीटरची जागा पुरेपूर भरणारा, आणि एका बाजूला सायकलींचे शेड. सहा मीटरची रेषा पांढऱ्या रंगाने आधीच मारलेली होती. नऊ मीटरची तुटक रेषा आणि मधले वर्तुळ दर रविवारी सकाळी फक्कीने आखावे लागे, आणि दुसऱ्या सामन्यापर्यंत ते बुटांनी पुसले जाई. गोलपोस्टची जाळी सुतळीने बांधलेली. आंतरराष्ट्रीय सामन्यांत चेंडू हाताला चिकटावा म्हणून बोटांना रेझिन लावतात. आमच्याकडे तो प्रश्नच नव्हता. कोब्यावरची धूळ चेंडूला लागून तो इतका गुळगुळीत होई की चौथ्या-पाचव्या पासला निसटे. प्रत्येक संघाच्या बाकाजवळ एक ओले फडके ठेवायचे ठरले, आणि चेंडू मैदानाबाहेर गेला की राखीव मुलगी तो पुसून देई. गोलरक्षक मुली कोब्यावर झेप घेत नाहीत, घेऊही नयेत. त्यांना पाय फाकवून आणि कोन कमी करून अडवायला शिकवणे एवढेच हातात होते.

सर्वांत अवघड काम मैदानावरचे नव्हते. ते घरोघरी आणि कार्यालयांत करायचे होते. ही अधिकृत शालेय स्पर्धा नसल्याने तिच्या प्रमाणपत्रावर दहावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळणार नव्हते, आणि एका मुख्याध्यापकांनी पहिला प्रश्न तोच विचारला. दिंडोरी आणि निफाड भागातल्या मुलींची अडचण वेगळी. ऑक्टोबर छाटणीनंतर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये द्राक्षबागांत विरळणीचे काम निघते, घरातल्या बायका-मुली त्यात गुंतलेल्या असतात आणि रविवार हाच मुलींचा हक्काचा कामाचा दिवस असतो. शाळेसाठी मुलींना एसटीचा मोफत पास असतो, पण रविवारच्या नाशिकच्या फेरीला तो चालत नाही. म्हणून त्या संघाचे सर्व सामने सकाळी आठला ठेवले आणि दुपारच्या आत मुली घरी पोहोचतील अशी गाडीची सोय शिक्षकांनी वर्गणीतून केली. निफाडकडची डिसेंबरची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना सकाळी आठला कोब्यावर हाफ पँटमध्ये उभे राहणे म्हणजे काय ते सांगायला नको. पहिल्या रविवारी हरून परतलेल्या एका मुलीच्या आईने मला फोन केला. "मॅडम, हरल्या ना पोरी? मग पुढल्या रविवारी परत कशाला बोलावलंय?" त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता. हरल्यावर पुन्हा बोलावणारी स्पर्धा त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. मी त्यांना सांगितले, "ताई, हरल्या म्हणूनच बोलावलंय." त्या काही वेळ बोलल्या नाहीत, आणि मग गाडी किती वाजता येणार ते विचारले.

सहा रविवार

दुबळ्यात दुबळा संघ पेठ रस्त्याकडच्या एका शाळेचा होता. मुली मुळात खो-खोच्या. पाय हलके, वळणे झटपट, पण चेंडू हातात आला की त्यांचे पाय थांबत. हँडबॉलमध्ये चेंडू घेऊन तीन पावले टाकता येतात आणि तीन सेकंद तो हातात ठेवता येतो. या मुली ती तीन पावले वापरतच नसत. पहिल्या सामन्यात पूर्वार्धात त्यांना एकही गोल करता आला नाही, आणि उत्तरार्धात तर त्यांनी धावणेच सोडले. गोल खाल्ला की चौघी-पाच जणी कमरेवर हात ठेवून एकमेकींकडे पाहत उभ्या राहत. शालेय स्पर्धेत हाच त्यांचा पहिला आणि शेवटचा सामना ठरला असता, आणि शाळेच्या फलकावर "जिल्हास्तरावर सहभाग" एवढीच ओळ उरली असती.

गटातले तिन्ही सामने त्या हरल्या. खालच्या फेरीत गेल्यावर त्यांच्यासमोर आलेला संघ म्हणजे एका मोठ्या शाळेचा दुसरा संघ होता, त्यांच्याइतकाच कच्चा. त्या सामन्यात पहिल्यांदा असे झाले की गोल खाल्ल्यावर त्यांची गोलरक्षक जाळीतला चेंडू उचलून धावत मध्याकडे फेकू लागली. तिला हे कोणी सांगितले नव्हते. तिने आदल्या रविवारी दुसऱ्या संघाला तसे करताना पाहिले होते. साखळीचा हा फायदा आम्ही कागदावर लिहिला नव्हता. मुली आपला सामना झाल्यावरही मैदानावर थांबत आणि पुढचा सामना पाहत, कारण आज जो खेळतो आहे तो पुढच्या रविवारी आपल्यासमोर येणार हे त्यांना ठाऊक असे. बाद स्पर्धेत हरलेला संघ दुपारी डबा खाऊन निघून जातो. त्याला पुढचा सामना पाहण्याचे कारण उरत नाही. सातव्या क्रमांकाच्या सामन्यात त्या एका गोलने हरल्या. शेवटच्या मिनिटात मिळालेला सात मीटरचा थ्रो, म्हणजे पेनल्टी, समोरच्या गोलरक्षकाने पायाने अडवला. संघ आठवा आला, म्हणजे शेवटचा. निकालपत्रकात त्यांच्या नावावर एकही विजय नाही, आणि तरी त्या सहा रविवारांत सर्वाधिक बदल याच संघात झाला असे माझे ठाम मत आहे.

वरच्या फेरीत गोष्ट वेगळी घडली. शहरातल्या एका शाळेचा संघ सर्वांना वरचढ होता, आणि त्याचे कारण होते त्यांची लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडून लांबून गोल मारणारी खेळाडू. दहावीतली उंच, मजबूत खांद्याची मुलगी नऊ मीटरच्या रेषेवरून उडी मारून चेंडू मारी आणि आमच्या गोलरक्षकांना तो दिसण्याआधी जाळीत गेलेला असे. गटात तिला कोणी अडवू शकले नाही. वरच्या फेरीत मात्र एका संघाच्या शिक्षकांनी आठवीतली एक बारकी मुलगी तिच्यासाठी पुढे पाठवली. त्यांनी तिला स्कोप्येच्या सामन्यांचे व्हिडिओ दाखवले होते. ही मुलगी चेंडू येण्याची वाट पाहत नसे. चेंडू सेंटर बॅकच्या हातात असतानाच ती नऊ मीटरच्या रेषेबाहेर जाऊन उभी राही, डावा हात लेफ्ट बॅकच्या उजव्या दंडाजवळ, उजवा तिच्या कमरेजवळ, आणि पाय सतत बारीक हलते. लेफ्ट बॅकला चेंडू मिळे तो मागे सरकून, उभ्या-उभ्या, उडीला जागा न उरता. पहिल्या काही वेळा ती जोर लावून निसटली. मग तिने पास देणे सुरू केले, आणि तिच्या सहकारी मुलींना पास घ्यायची सवयच नव्हती हे उघडे पडले. तो सामना त्या हरल्या.

बाद पद्धतीत हा संघ याच लेफ्ट बॅकच्या जोरावर विभागापर्यंत गेला असता आणि तिथे पहिल्यांदा कोणी तरी तिला अडवले असते, तेव्हा शिकायला वेळ नसता. इथे त्यांच्याकडे पुढचा रविवार होता. शेवटच्या सामन्यात त्यांनी त्या मुलीला मुद्दाम पिव्होटच्या जागी नेले, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या रांगेत, पाठ गोलकडे करून. ती स्वतः फारसे गोल करू शकली नाही, पण तिला धरायला दोघी लागल्याने विंगवरच्या, म्हणजे दोन्ही कडांच्या, मुली मोकळ्या झाल्या. साखळी त्यांनीच जिंकली.

निकाल पुढे नेण्याच्या तत्त्वावरून वाद झाला तो दुसऱ्या फेरीच्या सुरुवातीला. गटात दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या एका शाळेच्या मुख्याध्यापकांचे म्हणणे असे की, नवी फेरी म्हटल्यावर सर्वांची सुरुवात शून्यापासून व्हायला हवी, जुना पराभव आमच्या मुलींच्या डोक्यावर का ठेवता. तक्रार मनापासूनची होती. तक्ता काढून दाखवल्यावर त्यांना पटले की तोच सामना पुन्हा खेळवला तर एक रविवार वाढतो, आणि निकाल टाकून दिला तर त्या दिवशी जीव तोडून खेळलेल्या मुलींवर अन्याय होतो. पण खरे पटवले ते दुसऱ्या गटाने. तिथे दोन संघ शेवटच्या साखळी सामन्याआधीच वरच्या फेरीत पोहोचले होते. एरवी अशा वेळी शिक्षक मुख्य खेळाडूंना बसवून ठेवतात. तो सामना पूर्ण ताकदीने झाला, कारण त्याचे दोन गुण पुढे जाणार होते.

जे जमले नाही

पंचांचा प्रश्न सुटला नाही. परीक्षा दिलेले पंच मिळणे कठीण होते, म्हणून महाविद्यालयात खेळलेल्या मुलींना शिट्टी दिली. त्यांनी प्रामाणिकपणे काम केले, पण हँडबॉलमध्ये पंचाचे काम विलक्षण अवघड आहे. बचाव करणारीने समोरून छातीने अडवले तर चालते, बाजूने हात ओढला तर दोन मिनिटे बाहेर. हा फरक क्षणार्धात आणि अंगांच्या गर्दीत ठरवावा लागतो. पुढे सरकून बचाव करणाऱ्या संघाला दोन मिनिटांच्या शिक्षा जास्त झाल्या, आणि त्यांतल्या काही माझ्या मते योग्य नव्हत्या. पंच जर संपर्काला घाबरून प्रत्येक धक्क्यावर शिट्टी वाजवू लागले तर शिक्षक पुन्हा मुलींना सहा मीटरवर भिंतीसारखे उभे करतील, आणि मग उंचीचाच विचार परत येईल. खेळाडूंइतकेच पंचांनाही सामने लागतात, ही गोष्ट आमच्या आखणीत नव्हती.

दुखापतींबद्दल सांगायचे तर गंभीर काही झाले नाही. गुडघे आणि तळहात सोलवटले, आणि एका मुलीचा अंगठा पास घेताना मागे वळून सुजला. कोब्यावर दर रविवारी खेळणे गुडघ्यांना चांगले नाही, हे शिक्षकांनी मान्य करूनच सुरुवात केली होती. शहरात बंदिस्त सभागृहे आहेत, पण सहा रविवारांचे भाडे आमच्या वर्गणीत बसत नव्हते.

क्रीडा सवलतीच्या गुणांचा प्रश्न मात्र शिक्षकांच्या हातात नाही. अधिकृत शालेय स्पर्धा ठरावीक दिवसांत, ठरावीक खर्चात तालुक्यापासून राज्यापर्यंत न्यायची असते, आणि तेवढ्या दिवसांत सगळ्या खेळांना साखळी पद्धत लावणे शक्य नाही, हे मला मान्य आहे. तरी जिथे मुलींचे संघ इतके थोडे आहेत तिथे जिल्हा पातळीवर पहिल्या फेरीत हरलेल्या संघांचा आपसात एक सामना त्याच दिवशी, त्याच मैदानावर, त्याच पंचांकरवी घेता येईल. त्यासाठी नवा निधी लागत नाही, मैदानावर दोन तास जास्त लागतात. मुली तिथे आलेल्याच असतात, गणवेशात असतात, आणि बहुतेकींच्या गाडीला अजून वेळ असतो.

दुसऱ्या वर्षी

२०२३ च्या हिवाळ्यात साखळी पुन्हा झाली, पण आठ संघ राहिले नाहीत. एका शाळेतल्या क्रीडाशिक्षकांची बदली झाली, आणि त्यांच्या जागी आलेल्या शिक्षकांना हँडबॉल नवीन होते. पेठ रस्त्याकडच्या शाळेने मात्र संघ पाठवला, आणि त्यात नववीत गेलेली ती गोलरक्षक होती. महाविद्यालयातल्या पंच मुलींसाठी साखळीआधी एक दिवसाचा नियमांचा वर्ग घेतला, ज्यात पुढे सरकून केलेला बचाव आणि धक्का यांतला फरक मैदानावर उभे राहून दाखवला. सामना वीसऐवजी पंचवीस मिनिटांच्या दोन डावांचा केला, कारण पहिल्या वर्षी शेवटच्या पाच मिनिटांत थकवा येण्याआधीच शिट्टी वाजत होती आणि थकल्यावर निर्णय कसे घ्यायचे हे मुलींना शिकायला मिळत नव्हते. ज्या शाळेचा संघ उतरू शकला नाही तिथल्या पाच मुलींनी खेळायचा आग्रह धरला, तेव्हा त्यांना ज्या संघाकडे राखीव खेळाडू सर्वांत कमी होत्या त्या संघात सामावून घेतले, आणि निकालपत्रकावर त्या संघापुढे दोन्ही शाळांची नावे लिहिली.